समुद्रातली ‘पिवळी फुली’ वादळ होणार का? उपोष्णकटिबंधीय वादळ नेमकं कसं ओळखतात?

मे महिना अर्ध्यावर आला की अटलांटिक महासागराचा एक नकाशा सोशल मीडियावर फिरू लागतो. नकाशावर एक पिवळी फुली, तिच्याभोवती रंगवलेला भाग आणि शेजारी एक आकडा, उदाहरणार्थ 20 टक्के.

या नकाशाचा स्क्रीनशॉट पुढे जाता जाता त्यावरचा मजकूर बदलतो. ‘कमी दाबाचं क्षेत्र’ हे शब्द गळतात आणि ‘मोठं चक्रीवादळ येतंय’ एवढंच उरतं. अमेरिकेत नातेवाईक असलेल्या मराठी घरांमध्ये मग फोन सुरू होतात.

पण ती पिवळी फुली नेमकं काय सांगते? आणि ‘उपोष्णकटिबंधीय वादळ’ म्हणजे काय?

20 टक्के म्हणजे कशाचे 20 टक्के?

हा नकाशा अमेरिकेच्या राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राचा असतो. मायामीतली ही संस्था अटलांटिकमधल्या वादळांवर लक्ष ठेवते. तिथला अधिकृत हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असा आहे. पण त्याआधीच वादळं तयार होऊ लागल्यामुळे 2021 पासून हा नियमित अंदाज 15 मेपासूनच दिला जातो.

फुलीचा रंग शक्यता दाखवतो. 40 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर पिवळा, 40 ते 60 टक्के असेल तर नारिंगी आणि त्याहून जास्त असेल तर लाल.

इथे सगळ्यांत मोठा गैरसमज होतो. ही टक्केवारी वादळ ‘धडकण्याची’ नसते. ते कमी दाबाचं क्षेत्र पुढच्या दोन किंवा सात दिवसांत उष्णकटिबंधीय किंवा उपोष्णकटिबंधीय प्रणाली ‘होण्याची’ ही शक्यता असते. रंगवलेला भागही वादळाचा मार्ग नसतो. वादळ कुठे तयार होऊ शकतं, एवढंच तो सांगतो.

ना धड इकडचं, ना धड तिकडचं

समुद्रावरची वादळं ढोबळमानाने दोन प्रकारची.

पहिलं उष्णकटिबंधीय. आपण ज्याला चक्रीवादळ म्हणतो ते हेच. त्याचं इंधन म्हणजे कोमट समुद्राची वाफ. त्यासाठी पाणी साधारण 26.5 अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम लागतं. त्याच्या मध्यभागातली हवा आजूबाजूपेक्षा उबदार असते आणि सर्वांत जोरदार वारे केंद्राजवळ असतात.

दुसरं थंड प्रदेशातलं वादळ. थंड आणि उबदार हवा एकमेकींना भिडते, त्या तापमानाच्या फरकावर ते पोसलं जातं. हिवाळ्यात युरोप-अमेरिकेत येणारी वादळं याच जातीची.

उपोष्णकटिबंधीय वादळ या दोन्हींच्या मधलं. थोडी ऊर्जा समुद्राकडून, थोडी तापमानाच्या फरकातून. त्याचे जोरदार वारे केंद्रापासून बरेच दूर, अनेकदा शंभर किलोमीटरपलीकडे असतात. ढगही केंद्राभोवती गोल न जमता एका बाजूला झुकलेले दिसतात.

मे महिन्यात समुद्र पुरेसा तापलेला नसताना ते कसं तयार होतं? उत्तर वरच्या हवेत आहे. या काळात वरच्या थरात थंड हवेचे भोवरे फिरत असतात. खालचं पाणी फार गरम नसलं, तरी वरची हवा खूप थंड असेल तर दोन्हींतला फरक मोठा होतो आणि ढग उंच चढतात. त्यामुळे 26 अंशांपेक्षा कमी तापमानाच्या पाण्यावरही अशी प्रणाली उभी राहू शकते.

तज्ज्ञ काय तपासतात?

प्रश्न तीन असतात. केंद्र स्पष्ट आणि बंदिस्त आहे का? त्याच्याभोवती गडगडाटी ढग टिकून आहेत का? ते अजून थंड-उबदार हवेच्या सीमेला, म्हणजे फ्रंटला, जोडलेलं आहे की सुटलं आहे?

उपग्रहांची छायाचित्रं, समुद्राच्या पृष्ठभागावरून वाऱ्याचा वेग मोजणारे उपग्रह, जहाजं आणि तरंगते बोये यांच्या नोंदी एकत्र पाहिल्या जातात. वादळ किनाऱ्याजवळ असेल तर विमानही पाठवलं जातं. ढगांच्या आकारावरून उपोष्णकटिबंधीय वादळाची ताकद ठरवण्याची पद्धत हेबर्ट आणि पोटीट यांनी 1975 मध्ये मांडली. ती आजही वापरली जाते.

वाऱ्याचा वेग ताशी 63 किलोमीटरवर गेला की त्या प्रणालीला नाव मिळतं. 2002 पासून उपोष्णकटिबंधीय वादळांनाही चक्रीवादळांच्याच यादीतली नावं दिली जातात.

22 मे 2021 रोजी बर्म्युडाच्या ईशान्येला ‘अ‍ॅना’ अशाच प्रकारे जन्मलं. दुसऱ्या दिवशी ते उष्णकटिबंधीय झालं आणि त्याच दिवशी विरलंही. नाव मिळालं, पण ते कुठे धडकलं नाही.

तज्ज्ञांनाही चकवणारं वादळ

16 जानेवारी 2023. बर्म्युडाच्या उत्तरेला एक जोरदार प्रणाली दिसली. केंद्राने खास निवेदन काढलं आणि ती उपोष्णकटिबंधीय होण्याची शक्यता जवळपास शून्य टक्के असल्याचं सांगितलं.

मात्र नंतर सगळी माहिती पुन्हा तपासल्यावर मे महिन्यात याच केंद्राने जाहीर केलं की ते उपोष्णकटिबंधीय वादळच होतं. त्याचे वारे ताशी 110 किलोमीटरपर्यंत पोहोचले होते. नाव देण्याची वेळ निघून गेली होती, त्यामुळे ते बिननावाचंच राहिलं.

म्हणजे ही वर्गवारी काटेकोर असली तरी सीमारेषा पुसट आहे. 2015 ते 2021 अशी सलग सात वर्षं अटलांटिकमध्ये 1 जूनपूर्वी नाव मिळालेलं वादळ आलं. यामागे तापणारा समुद्र किती आणि सुधारलेले उपग्रह किती, हे वेगळं करणं सोपं नाही. अल्पायुषी वादळं पूर्वी नजरेतून सहज निसटत. 2022 मध्ये ही साखळी तुटली.

‘उप’ म्हणजे कमी धोका?

नाही. ‘उप’ हा शब्द वादळाची रचना सांगतो, नुकसान नाही.

मे 2018 मधलं ‘अल्बर्टो’ हे याचं उदाहरण. ते उपोष्णकटिबंधीय वादळ म्हणून जन्मलं, पुढे उष्णकटिबंधीय झालं आणि 28 मे रोजी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आलं. वारे फार भयंकर नव्हते, पण पावसाचा पसारा मोठा होता. क्युबा आणि अमेरिकेत मिळून डझनभराहून अधिक लोकांचा जीव गेला. अशा वादळांत पाऊस आणि वारे केंद्रापासून दूरवर पसरलेले असतात. त्यामुळे ‘केंद्र आपल्याकडून जाणार नाही’ या भरवशावर राहणं महागात पडू शकतं.

आपल्या समुद्रात काय?

भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत ‘उपोष्णकटिबंधीय वादळ’ असा वेगळा प्रकार नाही. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर उत्तरेला जमिनीने बंद आहेत आणि मे महिन्यात त्यांचं पाणी चांगलंच तापलेलं असतं. ‘अ‍ॅना’ जन्मण्याच्या पाचच दिवस आधी, 17 मे 2021 रोजी, ‘तौक्ते’ गुजरातवर धडकलं होतं. ते पूर्णपणे उष्णकटिबंधीय चक्रीवादळ होतं. त्याच्या तडाख्यात मुंबईजवळच्या समुद्रात पी-305 हा तराफा बुडाला.

पण नावाचा घोळ इथेही होतो. मे 2025 मध्ये कमी दाबाच्या क्षेत्राची बातमी येताच ‘शक्ती चक्रीवादळ येतंय’ अशा पोस्ट फिरल्या. प्रत्यक्षात कोकणाजवळची प्रणाली डिप्रेशनच्या पुढे गेली नाही आणि 24 मे रोजी रत्नागिरी-दापोलीच्या आसपास किनारा ओलांडून गेली. ‘शक्ती’ हे नाव अखेर ऑक्टोबरमध्ये, दुसऱ्याच वादळाला मिळालं. मात्र नाव नसतानाही मे महिन्यातला तो पाऊस कोकणाला चांगलाच झोडपून गेला.

स्क्रीनशॉट पुढे पाठवण्याआधी

चार गोष्टी पाहा. नकाशावर तारीख आणि वेळ आहे का? टक्केवारी ‘तयार होण्याची’ आहे की कुणी ती ‘धडकण्याची’ करून टाकली आहे? नाव अधिकृत संस्थेने दिलंय का? आणि आपल्या भागासाठी पाऊस, वारा आणि समुद्राच्या उधाणाचा इशारा काय आहे?

यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. मच्छीमाराने होडी बाहेर काढायची की नाही, दरडीखालच्या वस्तीने रात्री तिथे झोपायचं की नाही, हे वादळाच्या नावावरून नव्हे, त्या इशाऱ्यावरून ठरतं.