कॉफी रवांडाची, भेंडी आटगावची

ऑफिसखालच्या कॅफेत परवा फळ्यावर 'रवांडा' दिसलं. कॉफी झकास, बिल त्याहून झकास! पैसे देताना मनात आलं, यातले त्या टेकडीवरच्या शेतकऱ्यापर्यंत किती पोचत असतील?

उत्तराचा धागा सापडला तो चक्क कसारा लोकलने गेल्यावर. रविवारी मैत्रिणीच्या मामांकडे आटगावला गेले होते. शहापूर-मुरबाड पट्ट्यात भात कापून झाला की बरेच शेतकरी भेंडी लावतात आणि त्यातली निवडक भेंडी थेट आखातात, युरोपात जाते. हो, आपल्या डब्यात रोज नाकं मुरडतो तीच!

मामी सकाळीच हातांत जुने मोजे चढवून तोडणीला निघाल्या. भेंडीची लव जाम खाजते. मीही हौसेने गेले, अर्ध्या तासात बांधावर येऊन बसले. एक्स्पोर्टला कोवळी, सरळ, बोटाएवढीच भेंडी लागते. एखादा तोडा चुकला की ती जून होते. मग बाजारात मिळेल तो भाव.

"पण एक्स्पोर्टचा भाव कोण ठरवतं?" मी विचारलं.

"टेम्पोवाला सांगेल तो," मामा म्हणाले. "नाही म्हणून माल ठेवू कुठे, पोरी? उद्या सुकून जाईल."

रवांडाचं दुखणंही हेच होतं. कॉफीचं पिकलेलं फळ तोडलं त्याच दिवशी सोलावं लागतं. शेतकरी ते घरी कसंबसं करायचे, बरा-वाईट माल एकत्र व्हायचा आणि भाव पडायचा. १९९४ च्या नरसंहारातून देश सावरत असताना मराबा भागातल्या शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली. बाहेरची मदत घेऊन २००१ मध्ये स्वतःचं धुलाई केंद्र उभं केलं. नीट धुतलेली, वाळवलेली बी महिनोन् महिने थांबू शकते. माल थांबला की मालकालाही भावासाठी थांबता येतं. पुढे २००८ मध्ये 'कप ऑफ एक्सलन्स' ही कॉफीची नामांकित स्पर्धा आफ्रिकेत पहिल्यांदा भरली, ती रवांडातच.

आता भेंडी काही महिनाभर टिकणार नाही, मान्य. पण निवड, पॅकिंग आणि एक छोटी थंड खोली शेतकऱ्यांनी मिळून गावातच केली, तर एक रात्र हातात येईल. दुसऱ्या व्यापाऱ्याला फोन करायला तेवढी पुरे.

निघताना मामींनी किलोभर 'रिजेक्ट' भेंडी पिशवीत घातली. जराशी वाकडी, एवढंच. सोमवारी डब्यात तीच होती. त्या दिवशी नाक मुरडलं नाही.