बी.पी. आहे? जोर लावा, पण श्वास रोखू नका

बी.पी.ची गोळी सुरू झाली की घरात पहिली बंदी येते ती वजनावर. "आई, तू हंडा उचलू नकोस." "काका, सिलिंडरला हात लावू नका." सांगणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण दोन-तीन वर्षांत होते काय, तर त्या आईला जमिनीवरून उठताना हाताचा टेकू लागतो आणि काका जिन्यात मध्येच थांबतात. बी.पी. होते तिथेच राहते, वर पायांतली ताकद जाते. वस्तीत बी.पी. तपासत फिरताना आम्हाला हे इतक्या घरांत दिसते की आता स्पष्ट बोलले पाहिजे. ज्याचे बी.पी. आटोक्यात आहे त्याला जोर लावायला सरसकट बंदी घालणे चुकीचे आहे. नीट रीतीने केलेला ताकदीचा व्यायाम बी.पी. खाली आणतो.

हा काही थोड्या लोकांचा प्रश्न नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरील स्त्रियांपैकी २१ टक्के आणि पुरुषांपैकी २४ टक्के लोकांचे बी.पी. वाढलेले होते किंवा त्यांना त्याची गोळी चालू होती. म्हणजे दर चार-पाच मोठ्या माणसांत एक.

वजनाची भीती आली कुठून? ती अगदीच खोटी नाही. १९८५ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच कसलेल्या शरीरसौष्ठवपटूंचे बी.पी. जड वजन उचलत असतानाच थेट धमनीतून मोजले. दोन्ही पायांनी वजन ढकलताना ते सरासरी ३२०/२५० पर्यंत चढले, एकाचे तर ४८०/३५० च्याही वर गेले. आकडे ऐकूनच छातीत धस्स होते. पण ते पाचही जण झेपेल तेवढे जास्तीत जास्त वजन, शेवटची ताकद लावून, दम कोंडून उचलत होते. वजन सोडल्यावर आकडा लगेच खाली आला. त्यातून घ्यायचा धडा "वजन उचलू नका" असा नाही. फार जड उचलू नका, आणि उचलताना श्वास रोखू नका, एवढाच आहे. शौचाला जोर करताना कुंथतो तसा दम कोंडला की छातीतला दाब वाढतो आणि बी.पी. उसळते. धोका तिथे आहे.

आता दुसरी बाजू. २०२३ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २७० चाचण्यांचा एकत्र हिशोब छापून आला. त्यात पंधरा हजारांवर माणसे होती आणि प्रत्येक चाचणी किमान दोन आठवड्यांची होती. चालणे, धावणे, सायकल अशा व्यायामाने वरचे बी.पी. सरासरी साडेचार अंकांनी उतरले. वजने उचलण्याच्या व्यायामानेही जवळपास तेवढेच उतरले. आणि ज्या व्यायामात हालचाल नाही, नुसता स्नायू ताणून धरायचा असतो, त्याने आठ अंकांहून जास्त उतरले. त्यातही भिंतीला पाठ लावून अर्धवट बसण्याचा व्यायाम उजवा ठरला. भिंत तर प्रत्येकाच्या घरी आहे!

आठ अंक म्हणजे १४८ चे १४०. हे थोडे वाटेल. पण गोळ्यांच्या मोठ्या चाचण्यांचा २०२१ मध्ये हिशोब झाला, त्यात वरचे बी.पी. पाच अंकांनी उतरले तरी हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा मोठ्या आजारांचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी कमी झालेला दिसला. सरासरी सगळ्यांना सारखी लागू होत नाही, कुणाचे बारा अंक उतरतील, कुणाचे दोन. म्हणून गोळी बंद करायची नाही. व्यायाम गोळीच्या जोडीला करायचा.

हे होते कसे? स्नायू आवळून धरला की त्यातल्या रक्तवाहिन्या दबतात. सोडला की अडलेले रक्त जोरात वाहते. त्या प्रवाहामुळे धमनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा पदार्थ सुटतो आणि धमनी सैल होते. आठवड्यातून तीनदा असे होत राहिले की धमन्यांना सैल राहण्याची सवय लागते. शिवाय स्नायू रक्तातली साखर शोषून घेतात. आपल्याकडे बी.पी. आणि शुगर बहुतेक वेळा एकाच घरात, पुष्कळदा एकाच माणसात राहतात, म्हणून हा फायदाही लहान नाही.

आता आमच्या खऱ्या मुद्द्यावर येतो. घाटकोपर, विक्रोळी, भांडुपच्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांत पायऱ्यांवरून पाणी वाहून नेणारी बाई दवाखान्यात जाते आणि व्यायामाचे विचारते. तिला उत्तर मिळते, "तुम्ही दिवसभर राबता की! तुम्हाला आणखी कसला व्यायाम?" हे वाक्य आम्ही अनेक ठिकाणी ऐकले आहे, शिकलेल्या माणसांच्या तोंडून. कार्यालयात बसणाऱ्याला व्यायामाचा कागद लिहून मिळतो आणि राबणाऱ्याला मिळते ते हे वाक्य. ते शास्त्राला धरून नाही.

डेन्मार्कमधल्या एक लाखाहून जास्त लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. जे लोक फावल्या वेळात अंगमेहनत करत होते त्यांच्यात हृदयविकार आणि मृत्यू कमी होते. ज्यांची अंगमेहनत कामावर होती त्यांच्यात, उलट, जास्त. धूम्रपान, शिक्षण, उत्पन्न यांचा फरक हिशोबात धरूनही हे अंतर उरलेच. कारण आपल्या नाक्यावरच्या कामगाराला समजावून सांगायची गरज नाही. पन्नास किलोची सिमेंटची गोण तो दम कोंडूनच उचलतो. ती जड वाटली म्हणून निम्मी करता येत नाही. दोन मिनिटे टेकावे तर मुकादम ओरडतो. ऊन आहे, पोटात सकाळचा चहा आहे, आणि हे आठ तास चालते. व्यायामात बी.पी. थोडा वेळ वर जाते आणि विश्रांतीत खाली येते. कामावर ते दिवसभर चढलेलेच राहते. धुणीभांडी करणाऱ्या ताईचेही तेच. एकाच कुशीवर, एकाच हाताने, वाकून.

म्हणून कष्ट आणि व्यायाम यांचा एकच हिशोब करू नका. कष्टात शरीर मालकाच्या वेगाने चालते. व्यायामात किती उचलायचे, कधी थांबायचे हे आपण ठरवतो. कुणी विचारेल, एवढे राबून आलेल्या बाईला वर हेही सांगायचे का? प्रश्न रास्त आहे. घरात नळ येणे हा तिचा हक्क आहे, आणि भिंतीला टेकून बसल्याने तो मिळणार नाही. त्यासाठी मोर्चा काढावा लागेल तर काढू. पण तोवर तिच्या धमन्यांनी थांबायचे का? ज्या दिवशी अंग मोडून आले असेल त्या दिवशी व्यायाम नको, झोप घ्या. आठवड्यातले तीन दिवस पंधरा मिनिटे, एवढेच आम्ही मागतो.

"रोज अर्धा तास चाला" हा सल्लाही चांगलाच आहे, पण तो पदपथ असलेल्या माणसाने दिलेला आहे. गल्लीत उघडे गटार, रस्त्यावर रिक्षा, आणि संध्याकाळी एकट्या बाईने चालायला निघाले की चार नजरा. जमेल त्याने जरूर चालावे. मात्र ताकदीच्या व्यायामाला दहा बाय दहाची खोली पुरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात बी.पी. असलेल्यांनाही आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे.

भिंतीची बैठक अशी करा. पाठ भिंतीला लावून उभे राहा, पाय दीड-दोन फूट पुढे घ्या आणि पाठ सरकवत खाली या, जणू उंच स्टुलावर बसत आहात. मांड्या पूर्ण आडव्या करायची घाई नको. गुडघे दुखत असतील तर थोडेच खाली या. पायाखाली ओली फरशी किंवा सतरंजी नको, पाय घसरतो. पहिल्या आठवड्यात वीस-तीस सेकंद पुरे. हळूहळू दोन मिनिटांपर्यंत न्या. दोन मिनिटे बसायचे, दोन मिनिटे थांबायचे, असे चार वेळा. सगळा वेळ मोठ्याने आकडे मोजा किंवा शेजारणीशी गप्पा मारा. बोलता येते आहे म्हणजे श्वास चालू आहे. बोलता येईनासे झाले की वर या. परिणाम दिसायला दोन ते अडीच महिने लागतात, आणि सोडून दिले की बी.पी. पुन्हा चढते.

गुडघे अजिबात साथ देत नसतील तर टॉवेलची घट्ट गुंडाळी मुठीत धरून आपल्या ताकदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने दोन मिनिटे दाबून ठेवा, मग दुसरा हात. जोडीला खुर्चीवरून हात न लावता उठणे-बसणे, भिंतीवर हात टेकून जोर काढणे, पाण्याने भरलेली लिटरची बाटली (ती साधारण किलोभराची होते) दोन्ही हातांत घेऊन वर-खाली करणे. दहा-दहा वेळा पुष्कळ झाले. ढकलताना श्वास सोडा, परत येताना घ्या. आपल्या आजोबांच्या जोर-बैठका याहून फार वेगळ्या नव्हत्या.

कुणी करू नये, तेही ऐका. बी.पी. १८०/११० च्या वर असेल तर आधी दवाखाना. १६०/१०० च्या वर असेल तर डॉक्टरांना विचारून. छातीत दुखणे, अलीकडे झालेला झटका किंवा पक्षाघात, डोळ्याच्या पडद्यातला रक्तस्राव, हर्निया, गरोदरपण, यांत स्वतःच्या मनाने सुरुवात नको. व्यायाम करताना छातीत दडपण, डोळ्यांपुढे अंधारी किंवा एकाएकी जोराचे डोके दुखणे, यांपैकी काहीही झाले तर तिथेच थांबा. त्रास थांबला नाही तर १०८ ला फोन करा.

वस्तीतल्या जिममध्ये जाणाऱ्या पोरांसाठी दोन शब्द. त्यांच्यातले कित्येक जण बी.पी. कधी मोजतच नाहीत, कारण ते म्हाताऱ्यांचे दुखणे. त्यात कुणीतरी बिनलेबलाची इंजेक्शने देतो. दंड फुगवणाऱ्या स्टेरॉइडने बी.पी. चढते आणि हृदय बिघडते. पोरांनो, ज्या जिममध्ये हजाराचे वजन आहे तिथे बी.पी.चे एक यंत्रही असू द्या, मालकाकडे मागा.

आणि विहाराच्या समितीला एक विनंती. सभागृह संध्याकाळी बहुतेक रिकामे असते आणि त्याला चार मोठ्या भिंती आहेत. आठवड्यातले तीन दिवस अर्धा तास ते द्या. दहा बायका एका ओळीत भिंतीला टेकून मोठ्याने आकडे मोजू लागल्या की लाज जाते, आणि अकरावी आपोआप येते. आशाताईंना बोलवा. वर्गणीतून दंडावर बांधायचे बी.पी.चे यंत्र घ्या आणि एक वही ठेवा: नाव, तारीख, वरचा आकडा, खालचा आकडा. व्यायाम झाल्या झाल्या मोजू नका, तेव्हा आकडा चढलेलाच असतो. व्यायामाआधी, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसून, चहा-तंबाखू घेऊन अर्धा तास झाल्यावर मोजा. दोन महिन्यांनी ती वही दवाखान्यात घेऊन जा आणि गोळीचे काय करायचे ते वही दाखवून डॉक्टरांना विचारा.