मागच्या गच्चीखालची ‘वाया’ जागा

रामटेकला गडावरून खाली गावाकडे बघितलं की कवेलूची घरं कमी आणि स्लॅब जास्त दिसतात. त्यातल्या बऱ्याच स्लॅबना परसाच्या बाजूला खांबांवर काढलेली एक छोटी गच्ची असते. माझं भांडण तिच्याखालच्या जागेवरून आहे.

आधी ती मोकळी असते. सायकली, वाळत घातलेलं धुणं, दुपारी सावलीला बसलेली आजी. मग कुणीतरी म्हणतं, “एवढी जागा वाया चालली.” तीन बाजूंनी विटा, एक पत्र्याचं दार, झाली खोली! भाड्यानं द्यायला. पुण्या-हैदराबादला बसलेला इंजिनिअर मुलगा फोनवर “करून टाका ना बाबा” म्हणतो आणि पैसे ट्रान्स्फर करतो. वापरात नाही असं समजून फंक्शन डिलीट करायचं आणि मग प्रॉडक्शन का पडलं म्हणून रात्रभर जागायचं, त्यातलाच प्रकार.

कारण त्या जागेवर घर श्वास घेतं. पुणेकरांना कूलर म्हणजे काय ते समजावणं अवघड आहे, तरी सांगतो. एसी तीच हवा फिरवतो. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांमधून ओढतो, पाण्याची वाफ होताना ती गार होते, आणि जेवढी हवा आत आली तेवढी दुसरीकडून बाहेर जावी लागते. मागच्या खिडकीतल्या कूलरला गच्चीखालची सावलीतली हवा मिळत होती. आता तो बंद खोलीतली हवा ओढणार. कूलर पुढच्या बाजूला असेल तर हवेची बाहेर जायची वाटच गेली. घर दमट, अंथरूण चिकट, आणि मे महिन्याच्या ४५ अंशात सगळे म्हणणार, “कूलर बिघडला.” मग एसी. मग बिल. भाड्याचे पैसे गेले तिकडे!

स्वयंपाकघराची खिडकीही बहुतेक मागेच असते. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचतो. त्याला बाहेर जायला वाट हवी, आणि आपण त्या वाटेवर भाडेकरूची खाट टाकतो.

आता एखादा सिव्हिलवाला म्हणेल, खांबांवरची मोकळी जागा भूकंपात धोक्याची असते. बरोबर आहे. २६ जानेवारी २००१ ला अहमदाबादेत खाली मोकळं पार्किंग असलेल्या कितीतरी इमारती कोसळल्या. म्हणूनच २००२ च्या आयएस १८९३ मध्ये अशा मजल्याचे खांब अडीचपट जोर धरून डिझाइन करायची तरतूद आली. पण हा इलाज डिझाइन करतानाचा आहे. नंतर गवंड्याला बोलावून दोनच बाजूंना भिंती उचलल्या की एक बाजू ताठ आणि दुसरी सैल होते, आणि हादऱ्यात बांधकाम पिळलं जातं. अर्धी भिंत तर आणखी वाईट, वर उरलेल्या खांबाच्या आखूड तुकड्यावर सगळा जोर येतो.

फ्लॅटवाल्यांनी फार हसू नये. बिल्डिंगखालच्या स्टिल्टमध्ये दुकान, गोडाऊन, वॉचमनची खोली कोण काढतं? दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं ३१ ऑगस्ट २०१० ला स्पष्ट सांगितलं की स्टिल्ट पार्किंग म्हणजे गॅरेज नाही, बिल्डरला ते वेगळं विकता येत नाही, ती सगळ्यांची सामाईक जागा आहे. तरी शटर लागतातच. असो.

आडोसा हवाच असेल तर बांबूची ताटी बांधा, नाहीतर एखादा वेल चढवा. पाऊस आत येईल, येऊ द्या. फरशीला परसाकडे उतार द्या म्हणजे झालं. आणि यापुढे घरून “खोली काढतोय, पैसे पाठव” असा फोन आला तर एवढंच विचारा: स्वयंपाकघराची खिडकी कुठे उघडते?