उजवा म्हणजे कोण?

चारठाण्याला बाहेरचा माणूस येतो तो यादवकालीन देवळे आणि कोरीव दगडी स्तंभ पाहायला. जिंतूर तालुक्यातील या गावाच्या शिवारातली कपाशी त्याच्या नजरेत भरत नाही. आपल्या राजकारणाचीही हीच तऱ्हा आहे. देवळांवर बोलणारे उदंड आहेत. कपाशीच्या भावावर बोलणाऱ्याला मात्र हक्काचे घर नाही.

'उजवा पक्ष' म्हटले की आपली ख्रिस्ती कुटुंबे दचकतात. या देशात उजवेपणा धर्माच्या नावाने मते मागत फिरला, तेव्हा हे दचकणे समजण्याजोगे आहे. परंतु त्या शब्दाचा अर्थ तेवढाच आहे काय? युरोपातील लक्झेंबर्ग हा देश परभणी जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान. तेथे १९१४ साली 'उजवा पक्ष' याच नावाचा पक्ष स्थापन झाला. १९४४ साली त्याच्या जागी ख्रिस्ती सामाजिक लोकपक्ष उभा राहिला. १९७४ ते १९७९ आणि २०१३ ते २०२३ हे दोन कालखंड सोडले, तर महायुद्धानंतर सरकारचे नेतृत्व त्यानेच केले आहे. मालमत्ता, बाजारपेठ आणि कुटुंब यांचा तो कैवारी. पण महागाईबरोबर कामगाराचे वेतन वाढलेच पाहिजे, हा तेथील नियम त्याच्याही राजवटीत टिकून राहिला.

अशी वाट आपल्याकडे कोणी चोखाळली नाही, असे नाही. राजाजींनी १९५९ साली स्वतंत्र पक्ष काढला. मद्रासचे कॅथलिक विद्वान रत्नस्वामी हे त्याच्या धुरीणांपैकी एक. १९६७ साली लोकसभेत ४४ जागा मिळवणारा हा पक्ष १९७४ साली विलीन होऊन संपला. पुढे स्वित्झर्लंडमधील नोकरी सोडून आलेल्या शरद जोशींनी शेतकऱ्यांना उभे केले. १९८४ साली परभणीलाच शेतकरी संघटनेचे अधिवेशन भरले. तेव्हा महाराष्ट्रात कापूस एकाधिकार योजना चालू होती. स्वतः पिकवलेला कापूस परवान्याविना राज्याबाहेर नेणे हा शेतकऱ्याचा गुन्हा ठरत होता! १९९४ साली जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष स्थापन केला.

मग हे रोपटे का खुरटले? पहिला दोष कायद्याचा. १९८९ पासून नोंदणी हवी असलेल्या प्रत्येक पक्षाला समाजवाद व धर्मनिरपेक्षता या दोन्ही तत्त्वांवर निष्ठा सांगावी लागते. समाजवाद अमान्य असणाऱ्याने एक तर खोटे बोलावे, नाही तर घरी बसावे. दुसरा दोष नेत्यांचा. जोशी २००४ साली राज्यसभेत गेले ते भाजप-शिवसेनेच्या पाठिंब्यावर. शेतकऱ्याच्या स्वातंत्र्याचा झेंडा धर्माच्या वळचणीला नेऊन टेकवला, तेव्हाच त्याचा रंग उडाला. तडजोडीवाचून राजकारण होत नाही, असे त्यांचे पाठीराखे म्हणतील. पण ज्या तडजोडीत स्वतःचे घर गहाण पडते, तिला व्यवहार कसे म्हणावे?

तिसरा दोष आपला, आणि तो सांगायला जीभ अडखळते. मोठ्या संस्थेने लहानाचे काम हिरावून घेऊ नये, हे अकराव्या पायस यांनी १९३१ सालीच बजावले होते. मुक्त अर्थव्यवस्था कायद्याच्या चौकटीत आणि माणसाच्या संपूर्ण स्वातंत्र्याच्या सेवेत असेल तर ती स्वीकारार्ह, अन्यथा नव्हे, असा विवेक दुसऱ्या जॉन पॉल यांनी १९९१ साली शिकवला. ही शिकवण आपण अभ्यासवर्गात वाचतो आणि मतदानाच्या दिवशी कपाटात ठेवतो. आपल्याला कोण इजा करणार नाही, एवढेच पाहून आपण शिक्का मारत आलो. भय खरे आहे, मान्य. पण केवळ भयापोटी दिलेले मत शेजाऱ्याच्या उपयोगी पडत नाही.

वाचकहो, उमेदवार दारी आला की आपल्या दफनभूमीविषयी आणि शाळेविषयी जरूर विचारा. त्याबरोबरच चारठाण्याच्या कापसाला भाव कोण ठरवतो, हेही विचारा. धर्माचे नाव न घेता आणि सरकारचे पाय न धरता ज्याला त्याचे उत्तर देता येईल, तो कोणत्याही पक्षाचा असो, ऐकून घेण्याच्या योग्यतेचा आहे. तसा कोणी भेटत नसेल, तर तो घडवण्याची जबाबदारी आपलीही आहे.