जुनी कूपे घेतांना : चार प्रमाणें

जुनी मोटार घेणें यांत कमीपणा कांहींच नाहीं. न पाहतां घेणें मात्र अविचाराचें. अलीकडे आमच्या जिल्ह्यांतील घरांतूनही मिळवतीं मुलें दोन दारांच्या, ठेंगण्या, वेगवान स्पोर्ट्स गाडीचें, म्हणजे जिला कूपे म्हणतात तिचें, नांव काढूं लागलीं आहेत. नवी कूपे आवाक्याबाहेरची. दहा-बारा वर्षांची जुनी मात्र आटोक्यांतली वाटते. मग वडील मंडळी ऐकतांक्षणींच नकार देतात आणि तरुण मंडळी रंगावर भुलून होकार देतात. विचार दोन्ही पक्षीं राहूनच जातो.

पूर्वींचें अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचें अहिल्यानगर, येथील वाहन संशोधन आणि विकास संस्थेंत वाहनांच्या कसोट्या घेतल्या जातात, हें वाचकांस ठाऊक आहेच. पण ती परीक्षा नमुन्याची. तीन-चार मालकांच्या हातून गेलेल्या अमुक एका गाडीची नव्हे. ती आपली आपणच घेतली पाहिजे. न्यायशास्त्रानें ज्ञानाचीं चार प्रमाणें सांगितलीं आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. मोटारीच्या कामींही तींच उपयोगीं पडतात.

प्रथम प्रत्यक्ष. गाडी उजेडांत, अंग कोरडें आणि इंजिन थंड असतांना पाहावी. विक्रेत्यानें इंजिन आधींच तापवून ठेवलें असेल, तर दुसरे दिवशीं पुन्हा जावें. धूर निळसर असेल तर तेल जळत आहे असें समजावें. पांढरा, गोडसर वासाचा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल, तर त्यास थंड ठेवणारें पाणी आंत शिरत असण्याचा संभव असतो. तेलाच्या झांकणाखालीं सायीसारखा पिवळट थर दिसल्यास जाणत्या मिस्त्रीस दाखविल्यावांचून पुढें जाऊं नये. रुमालांत गुंडाळलेलें लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावें. जेथें तें धरीत नाहीं तेथें रंगाखालीं लांबी भरलेली असते. मात्र कांहीं स्पोर्ट्स गाड्यांचें अंग ॲल्युमिनियमचें किंवा तंतुमय द्रव्याचें असतें. तेथें ही परीक्षा लागू पडत नाहीं.

दुसरें अनुमान. मीटर तीस हजार किलोमीटर सांगतो आणि पायाखालचें पेडलचें रबर गुळगुळीत झालें आहे, तर मीटरवर विश्वास ठेवूं नये. टायरवर चार आंकडे छापलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. एकाच कडेनें झिजलेला टायर चाकांचा कोन बिघडल्याचें, क्वचित् अपघातांत सांगाडा वांकल्याचेंही सांगतो. किल्ली फिरवितांच हवापिशवीचा दिवा लागून विझला पाहिजे. तो मुळींच लागला नाहीं तर दोष झांकण्यासाठीं तो काढलेला असूं शकतो. येथें प्रश्न पैशाचा नसून हांकणाऱ्याच्या प्राणाचा आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. टोकाशीं गढूळ डाग किंवा सतरंजीखालीं वाळलेला गाळ आढळल्यास गाडी पुराच्या पाण्यांत राहिली असावी. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रुझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. जुलै २०२१ मध्यें चिपळूण बुडालें. अशा पाण्यांतून निघालेली गाडी धुऊनपुसून आमच्यासारख्या कोरड्या मुलखांत विकावयास येणें अशक्य नाहीं. शेवटीं करंजी किंवा इमामपूर घाट चढून उतरावा. चढतांना उष्णतेचा कांटा वर जाऊं नये, उतरतांना ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूस ओढूं नये.

तिसरें उपमान. त्याच जातीची दुसरी एखादी गाडी हांकून पाहिल्यावांचून, क्लच जड आहे तो स्वभावानें कीं दुखण्यानें, हें कळत नाहीं. त्याच मालकास सुट्या भागांची किंमत आणि ते किती दिवसांनीं मिळतात, हेंही विचारावें.

चवथें शब्द. शब्द प्रमाण होतो तो आप्ताचा, म्हणजे विश्वासार्ह वक्त्याचा. विक्रेत्याचा फायदा विक्रींत असल्यानें तो येथें आप्त नव्हे. सरकारी नोंद हीच आप्त. पण तीही ताडून पाहावी लागते. अवंती ही आपल्या देशांत तयार झालेली दोन दारांची कूपे २०१२ सालीं दिल्लीच्या वाहनप्रदर्शनांत लोकांपुढें आली. डिसेंबर २०२० मध्यें मुंबई पोलिसांनीं या गाड्यांसंबंधीं गुन्हा नोंदवून निर्मात्यास अटक केली. एकाच चासी व इंजिन क्रमांकावर एकाहून अधिक राज्यांत नोंदणी झाली आणि गाड्यांवर कर्जें उचललीं गेलीं, असा आरोप होता. आरोपाचा निवाडा करणें हें न्यायालयाचें काम. धातूवर ठोकलेला क्रमांक कागदावरील क्रमांकाशीं अक्षरशः ताडून पाहणें हें गिऱ्हाइकाचें. गाडीवर कर्ज असेल तर तें फिटल्याचा सावकार संस्थेचा दाखला व नमुना ३५ हातीं आल्यावांचून पैसे देऊं नयेत. गाडी परराज्यांतील असेल तर तेथील कचेरीचें ना-हरकत पत्र हवें. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते; पुढें तपासणी करून ती पांच-पांच वर्षांनीं वाढवावी लागते. जुन्या गाडीच्या किंमतींत हाही खर्च धरावा.

खरेदी झाल्यावर तीस दिवसांच्या आंत नांव बदलण्याचा अर्ज करावा. विम्यासाठीं मुदत चौदा दिवसांचीच आहे. नव्या गाडीसाठीं घरची जुनी मोटार विकणार असाल, तर तिच्याही नोंदींतील नांव बदललें कीं नाहीं तें पाहा. विकलेल्या गाडीनें अपघात केला आणि नोंदींत जुनेंच नांव असलें, तर भरपाईची जबाबदारी त्या नांवाच्या माणसावर येते, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं स्पष्ट केलें आहे. एकत्र कुटुंबांत बहुधा मोटार वडिलांच्या नांवावर असते आणि हांकतो पुतण्या. म्हणून ही गोष्ट वडिलांनीं विशेषेंकरून ध्यानांत ठेवावी.

तरुणांचा हौसेचा हक्क आम्ही नाकारीत नाहीं. चारही प्रमाणें एकमुखानें अनुकूल असतील तर गाडी खुशाल घ्यावी आणि किंमतीचा कांहीं भाग दुरुस्तीसाठीं राखून ठेवावा. एकही प्रमाण विरुद्ध गेलें, तर विसार देण्यापूर्वींच परत फिरावें. बाजारांत गाड्या पुष्कळ आहेत.