टोमॅटोला फाशी देण्याआधी...

जुन्नर-आंबेगावच्या शेतांतून नारायणगावच्या बाजारात येणारा टोमॅटो खाल्ला, अंगावर पित्त उठलं, की लगेच टोमॅटो कायमचा बंद! मंडळी, जरा थांबा.

अन्नातलं हिस्टामिन आतड्यातलं डीएओ हे एन्झाइम मोडतं. ते कमी पडलं, किंवा दारूने अडवलं, तर खाज, डोकेदुखी सुरू होऊ शकते. उन्हात राहिलेल्या बांगड्यात ते भरपूर तयार होतं आणि शिजवूनही जात नाही. म्हणून ताजं खाणं हाच पहिला उपाय.

याची खात्रीची रक्तचाचणी अजून नाही. तेव्हा डीबगिंगचाच नियम लावा: संशयित पदार्थ दोन-चार आठवडे बंद, रोज नोंद, मग एकेक परत चालू. ओठ सुजले, श्वास लागला तर मात्र थेट हॉस्पिटल.

पुराव्याशिवाय ताट रिकामं करू नका, एवढंच. बघा पटतंय का!