शून्य टक्क्याचा हिशेब

मुरुममधून पुणे-हैदराबादला नोकरीसाठी गेलेली आपली मुलं मला, मी सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून, हमखास विचारतात, "भाई, क्रेडिट कार्डाची थकबाकी शून्य टक्केवाल्या दुसऱ्या कार्डावर बॅलन्स ट्रान्सफर करू का?"

आधी हिशेब मांडा. ५०,००० रुपये थकले आणि दर महिना साडेतीन टक्के असला, तर पहिल्याच महिन्याचं व्याज १,७५० रुपये. सहा महिन्यांच्या ट्रान्सफरला २ टक्के शुल्क धरलं, तर जीएसटीसह एकदाच १,१८० रुपये. बचत खरी आहे, पण दरमहा सुमारे ८,३३४ रुपये फेडले तरच. मुदत चुकली की पुन्हा कार्डाचं नेहमीचं व्याज. कार्डाच्या थकबाकीवरच्या शून्य टक्के हप्त्यांत व्याज प्रक्रिया शुल्काच्या रूपात दडवलं जातं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बजावलं होतं. म्हणून ट्रान्सफर केलंत, तर थकबाकी फिटेपर्यंत दोन्ही कार्डांवर नवी खरेदी नको.

आणि पुढचा प्रश्न आपल्या सगळ्यांसाठी. २०१६ मध्ये सोलापूरच्या लोकमंगल सहकारी बँकेने बार्शी शाखेत बिनव्याजी ठेवींतून बिनव्याजी कर्ज द्यायला सुरुवात केली. दवाखान्यासाठी, फीसाठी कुणाला कार्ड घासावं लागू नये, म्हणून मुरुममध्ये कर्ज-ए-हसना देणारी नोंदणीकृत पतसंस्था आपण का उभारू नये?